भिंगाची निवड

मोतीबिंदू काढून घ्यायला गेलेल्या माणसापुढे हल्ली एक छापील कागद ठेवतात. त्यावर भिंगांची नावे असतात आणि प्रत्येक नावापुढे किंमत असते. देशी, परदेशी, घडीचे, मोनोफोकल, मल्टिफोकल, टोरिक; वरच्या आणि खालच्या आकड्यांत कितीतरी पटींचे अंतर. कुडाळ-कणकवलीच्या दवाखान्यात आलेला मालवणकडचा म्हातारा तो कागद हाती घेतो, उलटसुलट करतो आणि "डॉक्टरानू, तुमका बरा वाटात ता घाला" असे म्हणून परत देतो. मुंबईहून रजा काढून आलेला त्याचा मुलगा सर्वांत मोठा आकडा कोणता ते पाहतो आणि तेच भिंग घाला म्हणतो. आईबापांच्या डोळ्यांच्या बाबतीत हात आखडता घेऊ नये, हा त्याचा भाव. दोघांच्याही मनात एक गोष्ट पक्की बसलेली असते: भिंगांची एक उतरंड आहे, तळाशी साधे आणि शेंड्यावर उत्तम, ऐपत असेल तितके वर चढावे.

याच म्हाताऱ्याला मासळीबाजारात उभा करा. "चांगल्यातला मासा द्या" असे तो कोळणीला चुकूनही म्हणणार नाही. तिखल्याला बांगडा आणि तळायला सुरमई; माणसे किती, घरी पोरेबाळे आहेत की नाही, काटे काढून देणारे कोणी आहे की नाही, हे सगळे त्याच्या डोक्यात असते. कशासाठी, हे ठरल्यावाचून चांगले-वाईट ठरत नाही, हे त्याला कोणी शिकवावे लागत नाही. मग डोळ्याच्या भिंगापुढेच त्याची ही अक्कल का थबकते? माझ्या मते याचे कारण इतिहासात आहे. भिंग निवडण्याचा प्रश्न सामान्य रुग्णापुढे येऊन फार तर तीस वर्षे झाली. त्याआधी निवड कधी वैद्याने केली, कधी सर्जनाने, कधी किमतीने, तर कधी सरकारने. आणि त्याहीआधी निवडायला भिंगच नव्हते.

बाहुलीच्या मागे मसुराच्या दाण्याच्या घाटाचा एक पारदर्शक मणी असतो. जुन्या पुस्तकांत त्याला नेत्रमणी म्हटले आहे. तो गढूळ होणे म्हणजे मोतीबिंदू. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात कफज लिंगनाशावर जो उपचार सांगितला आहे तो याच विकाराचा, असे सर्वसाधारणपणे मानतात. जवाच्या टोकासारखे तोंड असलेली शलाका, यववक्त्र शलाका, बुबुळाच्या बाजूने आत घालायची, आणि नंतर रोग्याने ढेकर, खोकला, शिंक, थुंकणे टाळून निजून राहायचे. किती बारकाईने हे सारे सांगितले आहे! शिंकेने काय अनर्थ होतो हे ज्याने डोळ्यांनी पाहिले असेल त्यालाच हे पथ्य सुचावे.

पुढे हीच विद्या गावोगाव फिरणाऱ्या लोकांच्या हाती गेली. ते गढूळ मणी शलाकेने खाली ढकलून देत. मणी डोळ्यातच राही, परंतु बाहुलीसमोरचा आडोसा दूर होई आणि रोग्याला तत्क्षणी उजेड दिसे, समोर धरलेली बोटे मोजता येत. बिदागी त्याच घटकेला घ्यायची आणि पुढच्या गावी निघायचे. डोळ्यात पडून राहिलेला मणी पुढे दाह करी, डोळ्यातला दाब वाढवी, आणि अनेकांचे डोळे कायमचे जात. पण तोवर मोती पाडणारा चार मुक्काम पुढे गेलेला असे. मद्रासच्या नेत्ररुग्णालयातले रॉबर्ट हेन्री इलियट यांनी अशा डोळ्यांचा पद्धतशीर अभ्यास करून १९१८ साली एक पुस्तकच प्रसिद्ध केले. त्यातला हिशेब भयंकर आहे. तथापि मला त्या फिरत्या वैद्यांचा सरसकट धिक्कार करवत नाही. ज्या गावात दुसरे काहीच नव्हते, तिथे चार महिन्यांचा उजेड देणारा माणूस देवासारखा वाटला तर नवल नाही.

आपल्या भाषेच्या इतिहासात या विषयाचे एक सुंदर पान आहे, ते मात्र महाराष्ट्रात नाही, तंजावरला आहे. १७९८ ते १८३२ या काळात तिथल्या गादीवर असलेले सरफोजीराजे भोसले यांना वैद्यकाचा, त्यातही नेत्रवैद्यकाचा विलक्षण नाद होता. त्यांच्या काळची डोळ्यांच्या रोग्यांची टिपणे आणि रोगट डोळ्यांची चित्रे सरस्वती महाल ग्रंथालयात जपलेली आहेत. रोगी कोण, तक्रार काय, काय केले, गुण आला की नाही, अशी नोंद ठेवण्याची बुद्धी त्या काळच्या एका मराठी राजाला झाली, ही गोष्ट मला त्याच्या दरबारच्या थाटापेक्षा मोठी वाटते. फिरत्या वैद्याकडे नेमके हेच नव्हते. मागे वळून पाहणे.

इकडे युरोपात १७४७ साली झाक दाविएल या फ्रेंच शस्त्रवैद्याने मणी खाली न ढकलता डोळ्याबाहेर काढला, आणि आजच्या शस्त्रक्रियेचा पाया घातला. मणी काढल्यावर त्याच्या जागी काही बसवावे ही कल्पनाही त्याच शतकातली. ड्रेस्डेनचा कासाआमाता नावाचा नेत्रवैद्य होता, त्याने काचेचे भिंग घालून पाहिले आणि ते सरळ डोळ्याच्या तळाशी गेले, अशी हकिगत सांगतात. काच जड, आणि तिला धरून ठेवणारे काही नाही. पुढची दीडशे वर्षे त्या वाटेला जाण्याचे धाडस फारसे कोणी केले नाही.

नेत्रमण्यावाचूनचा डोळा म्हणजे काय, हे आज चाळिशीच्या आतल्या माणसाला सांगूनही कळायचे नाही. प्रकाश वळवून पडद्यावर आणण्याची डोळ्याची जी शक्ती, तिचा सुमारे तिसरा हिस्सा या मण्याचा असतो. तो गेला की समोर दहा-बारा नंबरचे फुगीर भिंग धरावे लागते. सोडावॉटरच्या बाटलीच्या बुडासारख्या काचांचा तो चष्मा आपल्या आजोबा-आजींच्या तसबिरींत अजून दिसतो. त्यातून वस्तू पाव हिश्श्याने किंवा त्याहूनही थोड्या मोठ्या दिसत. पायरी असेल तिथे नसे आणि पेला धरायला केलेला हात अलीकडेच मिटे. काचेच्या कडेला चहूबाजूंनी एक आंधळे कडे राही. बाजूने येणारा माणूस त्या कड्यात नाहीसा होऊन एकदम अंगावर प्रकट होई. एकाच डोळ्याची शस्त्रक्रिया झाली असेल तर दोन डोळ्यांची दोन चित्रे लहानमोठी, आणि मेंदूला ती एकावर एक बसवता येत नसत.

त्यात आपला किनारा. होडीत बसणाऱ्याच्या चष्म्यावर खारे तुषार उडतात, पुसायला कोरडे फडके नसते. रापण ओढताना मान खाली गेली, वजनदार चष्मा निसटून पाण्यात पडला, की तो माणूस शस्त्रक्रियेआधी जितका आंधळा होता जवळजवळ तितकाच पुन्हा आंधळा. शस्त्रक्रिया यशस्वी आणि माणूस घरी बसलेला, अशी ती अवस्था होती. म्हणून शस्त्रक्रिया झालेले दर्यावर्दी बहुधा दर्याला मुकत. ओसरीवर बसत, नातवंडे सांभाळत आणि पावलांच्या आवाजावरून कोण आले ते ओळखत.

आणि ही शस्त्रक्रिया तरी हाताशी कुठे होती? वेंगुर्ल्याला अमेरिकन मिशनचे सेंट ल्यूक रुग्णालय होते. तिथल्या डॉ. गोहीन यांचा मुलगा रॉबर्ट १९१९ साली वेंगुर्ल्यातच जन्मला आणि पुढे प्रिन्स्टन विद्यापीठाचा अध्यक्ष व अमेरिकेचा भारतातला राजदूत झाला. हे विषयांतर झाले, पण वेंगुर्लेकरांना ते ऐकायला आवडते म्हणून केले. घाट चढून जाण्याची तयारी असेल तर मिरज होती. विल्यम वॉनलेस १८८९ साली हिंदुस्थानात आले आणि त्यांनी मिरजेच्या मिशन रुग्णालयाला असे नाव मिळवून दिले, की घाटाखालीही कठीण दुखण्याला "मिरजेक न्या" हा सल्ला ठरून गेला. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियांसाठी वॉनलेस प्रसिद्धच होते. नाहीतर मग बोटीने मुंबई. चाकरमानी मुलाच्या परळ-लालबागच्या खोलीत मुक्काम आणि जे. जे. रुग्णालयाच्या आवारातल्या नेत्ररुग्णालयात खेटे. पुढे नेत्रयज्ञ आले. शाळेच्या वर्गांत सतरंज्यांवर ओळीने रोगी निजवायचे, मणी काढायचा, पट्टी बांधायची आणि जाताना प्रत्येकाच्या हाती दहा नंबरचा तयार चष्मा द्यायचा. सगळ्यांना दहाच. त्या यज्ञांनी लाखोंना उजेड दिला हे खरेच. पण निवड म्हणून काही नव्हतीच.

ही अवस्था पालटणारी गोष्ट लंडनला घडली, आणि तिच्या मुळाशी विमानाची एक फुटकी खिडकी आहे. १५ ऑगस्ट १९४० रोजी गॉर्डन क्लीव्हर या वैमानिकाच्या विमानावर गोळ्या लागल्या आणि छताच्या पारदर्शक प्लॅस्टिकच्या चिपा त्याच्या दोन्ही डोळ्यांत घुसल्या. अशा वैमानिकांवर उपचार करताना हॅरॉल्ड रिडली यांच्या ध्यानात आले, की टोकदार कड हलत राहिली नाही तर हे प्लॅस्टिक डोळ्यात वर्षानुवर्षे निमूट पडून राहते; लोखंडाची किरच जसा भडका उडवते तसा ते उडवत नाही. पुढे एकदा त्यांची शस्त्रक्रिया पाहणाऱ्या एका विद्यार्थ्याने विचारले, की काढलेल्या मण्याच्या जागी दुसरा का बसवत नाही? प्रश्न पोरकट होता. पण उत्तर रिडलींच्या मनात अर्धे तयार होते. त्यांनी रेनर कंपनीच्या जॉन पाइक यांच्याकडून त्याच जातीच्या शुद्ध प्लॅस्टिकचे भिंग करवून घेतले आणि २९ नोव्हेंबर १९४९ रोजी सेंट टॉमस रुग्णालयात, कोणाला फारसे कळू न देता, पहिली शस्त्रक्रिया केली. भिंग कायमचे बसले ते पुढल्या फेब्रुवारीत.

त्या पहिल्या रोगिणीला स्वच्छ दिसले का? भिंग डोळ्याने सोसले, प्रकाश आत आला, पण नंबर साफ चुकला. रिडली व पाइक यांनी नैसर्गिक मण्याचा घाट जसाच्या तसा उतरवला होता आणि प्लॅस्टिक मण्यापेक्षा प्रकाश जास्त वाकवते. परिणामी बाईंना दूरचे पाहायला उणे विसाच्या आसपासचा चष्मा लागला. भिंगाच्या इतिहासातला हा पहिला धडा आजच्या छापील कागदापुढे बसलेल्याने ध्यानात ठेवण्यासारखा आहे: भिंगाची जात कितीही उत्तम असो, माप चुकले तर सगळे फुकट.

रिडलींना त्या काळच्या मोठमोठ्या नेत्रतज्ज्ञांनी झिडकारले. डोळ्यातून परकी वस्तू काढायची हे सर्जनाचे काम, हा गृहस्थ ती आत घालतो, असा त्यांचा आक्षेप. त्यांचे अगदीच चुकले असेही म्हणवत नाही. रिडलींची काही भिंगे खरोखरच जागेवरून सरकली, काही डोळे गेले. पुढली पंचवीस-तीस वर्षे भिंग धरायचे कशाने, या एकाच प्रश्नाभोवती सारी खटपट चालली होती. कोणी ते बाहुलीच्या पुढच्या पोकळीत टेकवले, त्याने बुबुळाची आतली बाजू घासून पार धूसर होई. कोणी रंगीत पडद्याला चिमट्यासारखे अडकवले. हॉलंडच्या यान वोर्स्ट यांनी खेकड्याच्या नांग्यांसारख्या दोन चिमट्यांनी पडदा पकडणारे भिंग काढले आणि अमृतसरच्या डॉ. दलजित सिंग यांनी ते आपल्याकडे रूढ केले. कुर्लीने बोट धरले म्हणजे काय होते ते मालवणी माणसाला सांगायला नको. पण हे भिंग हळुवार धरी, आणि मागचा आधार फाटलेल्या डोळ्यात आजही ते कामी येते. शेवटी १९७७ च्या सुमारास अमेरिकेत शीअरिंग यांनी वाकड्या दोऱ्यांचे पाय असलेले भिंग रंगीत पडद्याच्या मागे, नैसर्गिक मण्याच्या स्थानी बसवून दाखवले. फिरून गाडी रिडलींच्याच जागेवर आली. त्यांना 'सर' ही पदवी २००० साली मिळाली, म्हणजे वयाच्या त्र्याण्णवाव्या वर्षी. क्लीव्हरच्या उरलेल्या डोळ्यात मोतीबिंदू झाला तेव्हा त्यातही प्लॅस्टिकचे भिंग बसले.

याच सुमारास दोन शोध लागले. न्यूयॉर्कच्या चार्ल्स केल्मन यांनी १९६७ साली, दंतवैद्य ज्या कंपनाने दातांवरचे कीट काढतो त्याच कंपनाने, मणी डोळ्यातल्या डोळ्यात फोडून शोषून काढला. दुसरा शोध एका चिकट, पारदर्शक रसाचा. तो डोळ्यात भरला म्हणजे भिंग बसवताना नाजूक भाग घासत नाहीत. हा रस आरंभी कोंबड्याच्या तुऱ्यापासून काढीत. आमच्याकडे वड्यांबरोबरच्या रश्श्यात तुऱ्याला कोणी विचारत नाही. त्याचे चीज असे झाले.

केल्मनच्या रीतीने छेद तीन मिलिमीटरांवर आला. पण रिडलींच्या प्लॅस्टिकचे भिंग कडक, सहा मिलिमीटर रुंद. ते आत जायचे तर छेद पुन्हा वाढवणे आले. म्हणून घडी घालता येईल असे भिंग हवे झाले. या शोधात मुंबईचा वाटा आहे आणि तो आपल्याकडे फारसा कोणाला ठाऊक नाही. डॉ. केकी मेहता यांनी साठे आणि कार्येकर या सहकाऱ्यांबरोबर पाणी शोषून मऊ राहणाऱ्या भिंगावरचा निबंध १९७८ साली अमेरिकेतल्या नियतकालिकात प्रसिद्ध केला. जगभर घडीची भिंगे रूढ झाली ती पुढच्या दशकांत.

असे असूनही १९९० च्या आसपास आपल्या सरकारी शस्त्रक्रियांत भिंग बसणे दुर्मिळच होते. कारण एकच: किंमत. बाहेरून येणारे भिंग शंभर डॉलरच्या घरात. दानावर मिळालेली भिंगे जेवढी, तेवढ्यांना भिंग. बाकीच्यांना दहा नंबरचा चष्मा. मदुरैच्या अरविंद नेत्ररुग्णालयाचे डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांना हे सोसेना. त्यांनी १९९२ साली ऑरोलॅब हा स्वतःचा भिंगांचा कारखाना काढला आणि किंमत दहा डॉलरवर, पुढे त्याहूनही खाली आणली. लगेच १९९४ साली जागतिक बँकेच्या कर्जाने मोतीबिंदूची मोठी योजना सात राज्यांत सुरू झाली, महाराष्ट्र त्यांतले एक. शाळेतल्या सतरंज्या गेल्या, रुग्णालयातले टेबल आले आणि सरकारी शस्त्रक्रियेतही भिंग बसू लागले. आज ते न बसणे हा अपवाद आहे. सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ साली वेगळा झाला आणि कोकण रेल्वे १९९८ साली पूर्ण झाली. म्हणजे आमच्या किनाऱ्याला वाट आणि भिंग साधारण एकाच दशकात मिळाले.

तेव्हापासून एक शब्द मात्र उगाच चिकटला: 'सरकारी भिंग'. तो नाक मुरडून उच्चारतात. त्याला उत्तर पुण्यात मिळालेले आहे. तिथल्या एच. व्ही. देसाई नेत्ररुग्णालयात डॉ. परीक्षित गोगटे व सहकाऱ्यांनी ४०० डोळे चिठ्ठ्या टाकून दोन गटांत वाटले. निम्म्यांची शस्त्रक्रिया केल्मनच्या यंत्राने, निम्म्यांची हाताने, टाका न लागणाऱ्या लहान छेदातून. निष्कर्ष २००५ साली प्रसिद्ध झाले. सहा आठवड्यांनी चष्म्याशिवाय चांगले दिसणाऱ्यांचे प्रमाण यंत्राच्या गटात शेकडा ८१ आणि हाताच्या गटात ७१. पण योग्य चष्मा दिल्यावर दोन्हीकडे ते नेमके ९८.४. यंत्राचा फायदा आहे, तो चष्म्यावाचून दिसण्यात आहे. दृष्टी मिळण्या-न मिळण्यात नाही. हा फरक ज्याला कळला त्याला छापील कागद वाचता येऊ लागला असे समजावे.

आता त्या कागदाकडे वळू. कडक भिंग आणि घडीचे भिंग यांत फरक छेदाचा. लहान छेद लवकर भरतो आणि बुबुळाचा घाट कमी बिघडवतो. घडीच्या भिंगांत पाणी धरणारे आणि पाणी न धरणारे अशा दोन जाती आहेत. पाणी न धरणाऱ्या, चौकोनी कडेच्या भिंगामागची पिशवी काही वर्षांनी धूसर होण्याचे प्रमाण कमी. झालीच तर लेसरने ती पाच मिनिटांत उघडता येते. 'परदेशी' हा शब्द या बाबतीत काहीच सांगत नाही. मदुरैची भिंगे शंभराहून अधिक देशांत जातात, तिथे तीच परदेशी!

खरी निवड अंतराची आहे. मोनोफोकल भिंग एकाच अंतरावर नेमके दाखवते, बहुधा दूरचे; वाचायला चष्मा लागतो. मल्टिफोकल भिंगावर बारीक वलये कोरलेली असतात, दीपगृहाच्या भिंगावर दिसतात तशी, जरी त्यांचे काम वेगळ्या तत्त्वावर चालते. ती वलये आलेला प्रकाश वाटून देतात: दोन अंतरांच्या जुन्या रचनेत सुमारे शेकडा ४१ दूरच्या चित्राला, ४१ जवळच्या चित्राला आणि उरलेला वाया. चष्म्याची कटकट बरीचशी जाते. मोबदल्यात काळ्या-करड्यातला फरक थोडा बुजतो आणि रात्री दिव्यांभोवती कडी दिसतात. मधुमेहाने दृष्टिपटल बिघडलेल्याला किंवा काचबिंदूने नस सुकलेल्याला, जिथे मुळातच प्रकाशाची टंचाई, तिथे ही वाटणी परवडत नाही. शहरातल्या, दिवसभर कागद आणि फोन पाहणाऱ्या, रात्री गाडी न चालवणाऱ्या माणसाला हे भिंग वरदान ठरते, हे मी नाकारत नाही.

पण पहाटे तीनला तांबळडेग, देवबाग किंवा आचऱ्याहून होडी काढणाऱ्याचा विचार करा. त्याला काळ्या पाण्यावरचा काळा दगड ओळखायचा असतो, खाडीच्या तोंडावरचा एकच दिवा पाहून वळायचे असते. समुद्रावरच्या एलईडी दिव्यांवरून आपल्या किनाऱ्यावर झालेले तंटे सर्वांना ठाऊकच आहेत. ते दिवे ज्याच्या डोळ्यात प्रत्येकी तीन-तीन कडी होऊन शिरतील त्याने काय करावे? त्याला छापील कागदाच्या शेंड्यावरचे भिंग देणे म्हणजे पैसे घेऊन त्याचा धंदा काढून घेणे. त्याला साधे, दूरचे, नीट मापलेले मोनोफोकल हवे आणि खिशात जवळचा चष्मा. तोच माणूस सत्तरी उलटून दर्याला रजा देऊन बसला असेल आणि दिवसभर अंगणात जाळी शिवत असेल, तर कदाचित जवळचेच भिंग घालावे आणि चालताना चष्मा लावावा. तांदूळ निवडणारी, आमसुले वाळवणारी, पोथी वाचणारी त्याची बायको तिसऱ्याच अंतरावर जगते. कोणी एका डोळ्याला दूरचे आणि दुसऱ्याला किंचित जवळचे देतात, तेही अनेकांना साधते.

किनाऱ्याची म्हणून आणखी एक गोष्ट आहे. अमेरिकेतल्या चेसापीक उपसागरावर खेकडे व कालवे धरणाऱ्या ८३८ दर्यावर्दींचा अभ्यास १९८८ साली प्रसिद्ध झाला. त्यात आढळले, की आयुष्यभरात अंगावर घेतलेले अतिनील किरण दुप्पट झाले की मण्याच्या बाहेरच्या थरातल्या मोतीबिंदूचा धोका १.६ पट होतो. उन्हावाऱ्यात राबणाऱ्यांच्या बुबुळावर कोपऱ्यातून मांसाचा पापुद्राही चढतो, आणि तो बुबुळाचा गोल घाट ओढून वाकडा करतो. टोरिक भिंग असते ते अशा वाकडेपणासाठीच. पण पापुद्रा तसाच ठेवून माप घेतले आणि टोरिक भिंग घातले, तर पुढे पापुद्रा काढताच घाट बदलतो आणि महागडे भिंग उलटते. आधी पापुद्रा, मग काही आठवडे दम, मग माप.

मापाचे गणित फार अवघड नाही. १९८० साली सँडर्स, रेट्झलाफ आणि क्राफ या तिघांनी दिलेले सूत्र आज मागे पडले असले तरी समजायला सोपे आहे. भिंगाच्या जातीचा एक आकडा घ्यायचा, समजा ११८.४, त्यातून डोळ्याच्या लांबीची अडीचपट आणि बुबुळाच्या वळणाची नऊदशांश पट वजा करायची. डोळा २३.५ मिलिमीटर आणि वळण ४४ असेल तर उत्तर येते वीस. लांबीत एका मिलिमीटरची चूक झाली तर भिंगात अडीच नंबरांची चूक. वीस नंबरचे भिंग सर्वांना चालते असे समजून घाऊक बसवण्याचे प्रकार जिथे माप घेण्याचे यंत्र नव्हते तिथे होत असत. दहा नंबरच्या चष्म्याचीच ती सुधारलेली आवृत्ती. म्हणून दवाखान्यात विचारायचा पहिला प्रश्न भिंग कुठल्या कंपनीचे हा नसावा. माप कशाने घेता आणि किती वेळा घेता, हा असावा.

दुसरा प्रश्न डॉक्टरांनी विचारायचा आहे: दिवसभर काय करता? धावपळीच्या शस्त्रक्रियेच्या दिवशी तो राहून जातो. न विचारताच सांगावे. पहिल्या डोळ्याचा निकाल महिन्याभरात स्थिर होतो. दूरचे किती, जवळचे किती, रात्री दिव्याभोवती काय दिसते, हे तोवर माणसाला स्वतःच्या घरात, स्वतःच्या होडीत कळून चुकलेले असते. दुसऱ्या डोळ्याचे भिंग त्यानंतर ठरवायचे.